एक सोडून सगळ्या कवळ्या

१

चोरी झाली होती यात वाद नव्हता, पण चोराने जाण्याआधी भांडी घासून ठेवली होती.

विद्यापीठाच्या दंतविभागाने शेजारच्या वस्तीसाठी चालवलेला दवाखाना मागच्या कुंपणभिंतीला खेटून होता. तिथल्या ओट्यावर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या रांगेने मांडलेल्या असत. प्रत्येक डबीत पाणी, पाण्यात एक नवीकोरी कवळी आणि झाकणावरच्या चिकटपट्टीवर मालकाचं नाव. वस्तीतल्या ज्या म्हाताऱ्यांचे दात गेले होते त्यांच्यासाठी विद्यार्थ्यांनी वर्षभर खपून त्या बनवल्या होत्या आणि आज दुपारी मोठ्या सभागृहात पाहुण्यांच्या हस्ते त्यांचं वाटप होणार होतं. आता मात्र त्या डब्या धुऊन, पालथ्या घालून निथळत ठेवल्या होत्या आणि आत काही नव्हतं. एकच डबी सरळ उभी होती. तिच्या पाण्यात गुलाबी हिरड्यांची एक कवळी एकटीच हसत बसली होती.

"कवळ्या चोरतं का कुणी?" मधल्या बाई म्हणाल्या.

त्यांचं खरं पद होतं परिसर संपर्क अधिकारी. पण विद्यापीठातले त्यांना वस्तीच्या समजत, वस्तीतले विद्यापीठाच्या समजत, म्हणून दोन्हीकडे त्यांचं नाव मधल्या बाई पडलं होतं. कुणाचं पाणी तुंबलं, कुणाच्या मुलाला ग्रंथालयात बसायचं होतं, कुणा प्राध्यापकाच्या गाडीने कुणाचं दुकान घासलं, की निरोप बाईंना जायचा. त्यामुळे त्या एका जागी टिकत नसत. आताही त्या ओट्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या घालत होत्या.

"चोरल्या आहेत, आणि कुणी ते मला ठाऊक आहे," कुलसचिव म्हणाले.

कुलसचिव बोलताना ओठ फारसे उघडत नसत. त्यामुळे ते रागावले आहेत की नुसतेच बोलताहेत हे कळायला वेळ लागे. आज लागला नाही. पाहुण्यांना दाखवायच्या आधी सगळं ठाकठीक आहे ना हे बघायला ते सकाळीच इकडे आले होते आणि या पालथ्या डब्यांनी त्यांचं स्वागत केलं होतं.

"कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या तीन. एक माझ्या कार्यालयात, एक दंतविभागाच्या डॉक्टरीणबाईंकडे, एक तुमच्या त्या शिट्टीकडे. आणि ही उरलेली डबी कुणाची आहे, वाचा."

बाईंनी वाचलं. डबी शिट्टीच्या वडिलांची होती.

शिट्टी म्हणजे दवाखान्याचा मदतनीस. वस्तीतलाच, चाळिशीचा, बायकामुलांचा माणूस. काम करताना सतत शीळ घालायचा म्हणून ते नाव. वस्तीतल्या माणसाला इथली नोकरी द्या म्हणून बाईंनीच दोन्हीकडे जोडे झिजवले होते.

"बापाची ठेवली, बाकीच्यांच्या लांबवल्या. याहून उघड काय असायचं?" कुलसचिव म्हणाले. "त्याला मी पहारेकऱ्याच्या खोलीत बसवून ठेवलंय. पाहुणे दुपारी येतील. तोवर कवळ्या जागेवर आल्या तर ठीक. नाहीतर तो पोलिसांकडे जाईल, दवाखाना बंद होईल आणि मागचं छोटं फाटकही मी कायमचं बुजवून टाकीन. भिंत बांधतात ती उगाच नाही."

छोटं फाटक बुजलं तर वस्तीला बस थांब्यापर्यंत, पलीकडच्या इस्पितळापर्यंत सगळा वळसा घालून जावं लागणार होतं. ते उघडून घ्यायला बाईंची उमेदीची वर्षं गेली होती.

त्यांनी फोन काढून मावशीला लावला. मावशी त्यांची सख्खी, आईमागे तिनेच त्यांना वाढवलेलं, आणि पालथ्या डब्यांतली एक तिची होती. पहिल्याच घंटीला पलीकडून फोन कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मावशीने आजवर त्यांचा फोन कधी कापला नव्हता.

२

पहारेकऱ्याच्या खोलीत शिट्टी स्टुलावर बसला होता आणि शीळ घालत नव्हता.

"बाई, मी घेतल्या नाहीत," तो म्हणाला. "आता माझी आई वर जाऊन बसलीय, नाहीतर तिच्या पायावर हात ठेवून सांगितलं असतं."

"काल काय झालं ते सांग. सुरुवातीपासून."

"काल संध्याकाळी सभागृहात रंगीत तालीम होती ना, कार्यक्रमाची. सगळ्या आजी-आजोबांना बोलावलेलं. कोण कुठून येणार, कुठे उभं राहणार, ते शिकवायला. मी दुपारीच दवाखाना झाडला, पुसला, कुलूप घातलं आणि तिकडे खुर्च्या उचलायला गेलो."

"नीट पुसलास?"

"जमिनीत तोंड दिसेल असं. पाहुणे यायचे होते."

"आणि तालीम संपेपर्यंत तिथेच होतास?"

शिट्टीने मान खाली घातली. "नव्हतो. अर्ध्यातून घरी गेलो. बाबा तापाने फणफणलेत. तालमीलाही आले नाहीत. त्यांना औषध द्यायचं होतं. परत आलोच नाही. तेच आता गळ्याशी आलंय. कुलसचिव म्हणतात, औषधाला घरी गेलास की दवाखान्यात, सिद्ध कर. बाबा तापात आहेत, त्यांना विचारलं तर ते मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारतात."

"तुझी किल्ली?"

"कमरेला. आत्ताही आहे. काढून घेतली नाही कुणी, एवढा तरी मान ठेवलाय."

बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. शिट्टी खोटं बोलत नाही असं त्यांना आतून वाटत होतं, पण आतून वाटलेलं कुलसचिवांच्या टेबलावर ठेवता येत नाही. त्या तशाच तरातरा दवाखान्यात परत गेल्या.

या खेपेला त्यांनी ओट्याकडे पाहिलंच नाही. बाकीची खोली पाहिली. रुग्णाला बसवायची मोठी खुर्ची मागे कलती होती. खाली वाकून त्यांनी तिच्या पायापाशी बोट फिरवलं, तर बोटाला पिठासारखी बारीक गुलाबी भुकटी लागली. थुंकायच्या भांड्याच्या काठावरही तीच. नेहमी भिंतीला टांगलेला हातआरसा बाहेरच्या बाकावर पडला होता. दुपारी जमिनीत तोंड दिसेल असं पुसून गेलेल्या माणसानंतर कुणीतरी इथे येऊन बसलं होतं आणि आरशात पाहत होतं.

कवळ्यांचा चोर आरसा कशाला बघेल, हे बाईंच्या डोक्यात शिरेना. डॉक्टरीणबाईंना विचारावं म्हणून त्या विभागात गेल्या, तर डॉक्टरीणबाई सकाळपासून प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून बसलेल्या. दार आतून बंद, फोन बाहेरच्या पेटीत. परीक्षा संपल्याशिवाय त्या कुणालाही भेटणार नव्हत्या.

भेटणार नव्हत्या तर दुसरं कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ज्याला या दवाखान्याचा मनापासून राग होता असा एक माणूस चौकात बसत होता.

३

चौकातला दातवाला हा काही डिग्रीवाला डॉक्टर नव्हता. टपरीवजा दुकानात काचेच्या कपाटात तो कवळ्या मांडून बसायचा. विद्यापीठाचा दवाखाना सुरू झाल्यापासून त्याचं गिऱ्हाईक आटलं होतं आणि त्यासाठी तो मधल्या बाईंना येता-जाता टोमणे मारत असे.

"या, या," तो म्हणाला. "फुकट वाटायच्या कवळ्या चोरीला गेल्या म्हणे. फार वाईट झालं. दुःखाने मी सकाळी दोनदा नाश्ता केला."

"बातमी बरी पोचली तुमच्याकडे."

"पहारेकरी माझा साडू आहे. आणि तुम्ही इथे का आलात तेही कळलंय. माझा धंदा बसला, म्हणून मी सूड घेतला, असंच ना?"

"घेतलात का?"

दातवाला खो-खो हसला. त्याचे स्वतःचे सगळे दात शाबूत होते आणि ते दाखवायची संधी तो सोडत नसे. "बाई, जरा डोकं चालवा. कवळी म्हणजे चप्पल नव्हे, देवळाबाहेरून उचलली आणि घातली पायात. ज्याच्या तोंडाचा साचा त्याच्याच तोंडात ती बसते. मी त्या चोरून विकू कुणाला? आणि मला राग काढायचा असता तर मी त्या डब्यांसकट गटारात ओतल्या असत्या. डब्या धुऊन ठेवायला मी काय तुमच्याकडे भांड्यांना आहे?"

बाईंना राग आला, पण बोलणं रास्त होतं. आपण हेच सकाळपासून घोळवतोय आणि त्याच्या पुढचं पाऊल टाकत नाही, असं त्यांना वाटलं. ज्याच्या तोंडाचा साचा, त्याच्याच तोंडात. कवळीचा उपयोग एकाच माणसाला.

"मग तुमचा संशय कुणावर?" त्यांनी विचारलं.

"माझा कुणावर नाही. मी खूश आहे. आज कधी नव्हे ते सकाळीच भोवनी झाली. कवळी घासायचे ब्रश वर्षभर धूळ खात पडले होते. आज दुकान उघडलं आणि सगळे गेले. वर आणखी आहेत का म्हणून विचारून गेले."

बाई दुकानाच्या पायरीवरून उतरत होत्या, त्या थांबल्या.

"कोण घेऊन गेलं?"

"कोण म्हणजे? सुना आल्या, नाती आल्या. वस्तीतल्याच." दातवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आता तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात येतंय. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्याच घरच्या."

४

सभागृहाच्या वाटेवर बाई जवळजवळ पळत होत्या. ज्यांच्या कवळ्या चोरीला गेल्या त्यांच्या घरचे लोक कवळी घासायचे ब्रश विकत घेत होते. म्हणजे कवळ्या कुठे आहेत हा प्रश्नच उरला नव्हता. उरला होता तो 'का'चा प्रश्न. आज दुपारी ज्या वस्तू मानाने हातात मिळणार होत्या, त्या काल संध्याकाळी गुपचूप कशाला न्यायच्या?

काल तालमीला बाई स्वतः नव्हत्या. प्रमुख पाहुण्यांच्या गाडीचं आणि मुक्कामाचं बघायला त्यांना दुसरीकडे पाठवलं होतं. तालीम चालवली प्रसिद्धीवाल्याने.

प्रसिद्धीवाला हा विद्यापीठाच्या जाहिरातींचा प्रमुख, तरणाबांड, हौशी आणि स्वतःच्या कल्पनांवर मनापासून भाळणारा माणूस. तो व्यासपीठावर फुलदाण्या सरकवत होता. मागे भिंतीवर छतापासून खाली पांढऱ्या कापडाने झाकलेले मोठाले फलक टांगले होते.

"चोर सापडला ना?" त्याने विचारलं. "मी काल त्या शिट्टीला अर्ध्यातून निसटताना पाहिलं होतं. मीच सांगितलं कुलसचिवांना."

"तालीम कशी झाली?"

"फर्स्ट क्लास. सुरुवातीला सगळे म्हातारे नुसते गप्पा हाणत होते, विनोद काय, हसणं काय. पण मी फलक उघडून दाखवले आणि एकदम शांतता. बाई, माणसं अशी भारावून गेली की कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. एकेक करून उठून गेले, चहालासुद्धा थांबले नाहीत."

"भारावून."

"म्हणजे काय. तुमच्या त्या डॉक्टरीणबाईही त्यांच्या मागोमाग गेल्या. त्यांना तर कधी काही आवडत नाही, पण त्यासुद्धा गप्प होत्या."

"कापड काढा बघू."

त्याने दोरी ओढली. कापड सळसळत खाली आलं.

फलकांवर तोंडं होती. दवाखान्यात उपचारांच्या नोंदीसाठी काढलेले फोटो, माणसापेक्षा मोठे केलेले. गाल दोन बाजूंनी ताणून धरलेले, ओठ मागे खेचलेले, आत नुसत्या ओल्या हिरड्या. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'काल असे होते'. शेजारी रिकामा चौकोन, आज काढायच्या फोटोसाठी. अगदी मधोमध, सगळ्यांत मोठी, बाईंची मावशी होती. दात गेल्यापासून हातरुमाल तोंडाला लावल्याशिवाय जी घरच्यांशीसुद्धा बोलत नसे, ती.

मावशी या योजनेत यायला तयारच नव्हती. फोटोच्या नावाने तर तिने सरळ पाठ फिरवली होती. तेव्हा बाईंनीच तिला सांगितलं होतं की तो फोटो दवाखान्याच्या कपाटाबाहेर जाणार नाही, माझा शब्द आहे. मावशी त्या शब्दावर आली होती आणि मावशी आली म्हणून बाकीचे आले होते.

"परवानगी कुणाची घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"विद्यापीठाचे फोटो आहेत, विद्यापीठाचा कार्यक्रम आहे," प्रसिद्धीवाला गोंधळून म्हणाला. "आणि त्यांना मी काल सांगितलं की हे सगळं मधल्या बाईंच्या सल्ल्यानेच चाललंय. म्हणजे त्यांना बरं वाटावं म्हणून."

५

मावशीच्या घराचं दार उघडंच होतं. ती खिडकीपाशी शिलाईच्या यंत्रावर कुणाचीतरी पँट दुमडत बसली होती. बाई आत आल्या तसा तिने हातरुमाल तोंडावर घेतला आणि यंत्राचा वेग वाढवला.

"मावशी."

यंत्र खडखडत राहिलं.

बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. मावशीच्या बाजूला बशीत चहा गार होत होता. तिने बशी उचलली, रुमालाआड नेली, घोट घेतला आणि तिचा डोळा बारीक झाला. हात आपसूक गालावर गेला.

"दुखतंय?"

मावशीने मान हलवली, नाही म्हणून.

"दात नसलेल्या माणसाचा गाल कशाने दुखतो गं? नवी कवळी पहिल्या दिवशी हिरडीला घासते तेव्हा दुखतो. चौकातल्या दातवाल्याचे ब्रश आज असेच नाही संपले."

यंत्र थांबलं. मावशीने पँटचा दोरा दातांनी तोडायला तोंडाशी नेला, थबकली आणि कात्री घेतली.

"मी फलक आत्ता पाहिले," बाई म्हणाल्या. "आत्ता, तुझ्याकडे यायच्या आधी. तुझा विश्वास बसणार नाही आणि बसावा असं मी म्हणतही नाही. पण एक ऐक. शिट्टीला त्यांनी पहारेकऱ्याच्या खोलीत कोंडलंय. बापाची कवळी राहिली म्हणून चोर तोच. दुपारी पोलिसांच्या हवाली करणार."

मावशीने हातरुमाल खाली घेतला. तिचे दात जागेवर होते. वरचे आणि खालचे, सरळ, जरा पिवळसर, अगदी तिचेच वाटावेत असे. गाल भरले होते. बाईंना क्षणभर आपल्या लहानपणची मावशी समोर बसलेली दिसली.

"त्याला कोंडलंय?" ती म्हणाली. शब्द नव्या दातांवर अडखळत होते, पण आवाज घरभर ऐकू गेला. "त्या गरिबाने काय केलं? तो तर नव्हताही तिथे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, परीक्षा आटोपली की कार्यक्रमाआधी मी स्वतः कुलसचिवांना सांगते, तोवर तुम्ही गप्प बसा. तो माणूस सकाळीच दवाखान्यात कडमडेल हे कुणाला ठाऊक?"

ती उठली आणि तिने पायात चपला सरकवल्या.

"चल. पण मी शिट्टीसाठी येतेय. तुझ्यासाठी नाही."

६

कुलसचिव आपल्या खोलीत चहात बिस्किट बुडवून मऊ करत होते. टेबलावर पाहुण्यांसाठीचं भाषण होतं. बाई आत आल्या, मागे मावशी आली आणि दार लागायच्या आत डॉक्टरीणबाईही आल्या. परीक्षागृहाच्या दाराशी बाईंनी निरोप ठेवला होता. अंगावरचा पांढरा कोट काढायलासुद्धा त्या थांबल्या नव्हत्या.

"सापडल्या?" कुलसचिवांनी विचारलं.

"हरवल्याच नव्हत्या," बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही म्हणालात, चोराने एक कवळी सोडली, ती शिट्टीच्या बापाची, म्हणून शिट्टी चोर. पण शिट्टीला चोरी करायची असती तर त्याने बापाची कवळी सगळ्यांत आधी घरी नेली असती. त्यावर स्वतःच्या घराचा पत्ता लिहून मागे कशाला ठेवेल? म्हणून मी विचार केला की त्या म्हाताऱ्यात आणि बाकीच्यांत दुसरा काय फरक आहे. फरक एकच. काल बाकीचे सगळे तालमीला आले होते. तो एकटा तापाने घरी होता. जो आला नाही, त्याची कवळी राहिली. जे आले, त्यांनी आपापली नेली."

"आपापली?" कुलसचिवांचं बिस्किट कपात तुटून पडलं.

"कवळी दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचीच नाही. डब्या धुऊन पालथ्या घातल्या, कारण ज्यांनी नेल्या ती आयुष्यभर घर आवरणारी माणसं होती. आरसा बाकावर होता, कारण प्रत्येकाने स्वतःला पाहिलं. आता राहिलं कुलूप. ते किल्लीने उघडलं. खुर्चीखाली गुलाबी भुकटी पडली होती. कवळी टोचते तिथे घासून बसती केली की पडते ती. हे काम शिट्टीला येत नाही. तुमच्या कार्यालयातही कुणाला येत नाही. म्हणून किल्ली डॉक्टरीणबाईंची."

"भुकटी माझी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काल हे सगळे सभागृहातून उठून दवाखान्याच्या दारात आले, मी मागोमाग गेले. कुणी भांडलं नाही. या मावशी एवढंच म्हणाल्या की आमचं तोंड तुम्ही भिंतीवर लावलंत, आता दात नकोत. वर्षभर माझे विद्यार्थी यांच्या तोंडावर हात बसवायला शिकले, सर. त्यांना तोंडं मिळाली, यांना दात मिळायचे होते. हा सौदा बरोबरीचा होता. मी कुलूप उघडलं आणि एकेकाला खुर्चीत बसवून कवळी बसवून दिली."

"परवानगीशिवाय? कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी?" कुलसचिवांचा आवाज चढला. "बाई, ही शिस्तभंगाची गोष्ट आहे. मी तुम्हाला निलंबित करू शकतो. आणि त्या फलकांत एवढं आकाश कोसळण्यासारखं काय होतं? आधी असं, नंतर तसं. लोकांना फरक कळायला नको?"

"कळायला हवा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "ज्या कपाटातून ते फोटो काढले, त्याच कपाटात या विद्यापीठातल्या पुष्कळ मोठ्या माणसांची तोंडं आहेत. तीही माझ्याकडेच येतात ना. मी कुणाचं नाव घेणार नाही, आजच काय, कधीच घेणार नाही. पण प्रसिद्धीवाल्याने उद्या पुन्हा कपाट उघडलं तर त्याच्या हाताला काय लागेल ते मी सांगू शकत नाही."

कुलसचिवांचा हात गालाकडे गेला आणि तिथेच राहिला. मधल्या बाईंनी कपातल्या बिस्किटाकडे पाहिलं, त्यांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मावशी तेवढी सरळ कुलसचिवांकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. नवीन कवळीवाला माणूस जुन्या कवळीवाल्याकडे बघतो तसं ती बघत होती.

"फलक उतरवा," कुलसचिव शेवटी म्हणाले. "शिट्टीला सोडा. त्याच्या वडिलांची कवळी..."

"ती मी घरी जाऊन बसवीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताप उतरला की. छोट्या फाटकातून गेलं तर जवळ पडतं."

"फाटकाचं मी काही बोललो नव्हतो," कुलसचिव म्हणाले. ते बोलले होते, पण कुणी ते काढलं नाही. "आणि पाहुणे? ते वाटेत असतील. त्यांना मी काय सांगू, कुणाला काय वाटायचं त्यांनी?"

"सांगा की वाटून झाल्या," बाई म्हणाल्या. "माणसं आपापल्या घरी जेवताहेत."

७

शिट्टी सुटल्यावर आधी घरी पळाला आणि मग फलक उतरवायला सभागृहात आला. तो शिडीवर चढला. प्रसिद्धीवाल्याने शिडी धरली होती. त्याला काय झालं ते अजून पुरतं कळलं नव्हतं, पण मावशी आत आल्यापासून त्याने मान वर केली नव्हती.

"मी तर चांगलंच करायला गेलो होतो, आजी," तो म्हणाला.

"ते दिसलं आम्हाला," मावशी म्हणाली. "फार मोठं दिसलं."

मधला फलक सुटून जमिनीवर आडवा झाला. मावशी त्याच्या एका टोकाशी वाकली. बाई दुसऱ्या टोकाशी वाकल्या. दोघींनी मिळून तो गुंडाळायला घेतला, छापील बाजू आत करून. कापड ताठ होतं, सारखं उलगडत होतं आणि दोन्ही टोकं एका तालात गेल्याशिवाय गुंडाळी जमत नव्हती. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून त्या धावत होत्या आणि सगळं सोडवत होत्या, पण समोरच्या या एका माणसापुढे मांडायला त्यांच्याकडे कुठलाही पुरावा नव्हता.

"तुला खरंच ठाऊक नव्हतं?" मावशीने विचारलं. ती वर बघत नव्हती.

"नव्हतं."

"ठाऊक असायला हवं होतं. शब्द देणाऱ्याने मागे वळून बघायचं असतं, तो कुठे गेला ते."

"हो," बाई म्हणाल्या.

मावशीने गुंडाळी गुडघ्याखाली दाबून धरली. बाईंनी दोरी फिरवली आणि गाठ मारली. गाठ पक्की बसली आहे का ते मावशीने ओढून पाहिलं. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या आल्याचा आवाज झाला. कुलसचिव लगबगीने दाराकडे गेले, प्रसिद्धीवाला त्यांच्यामागे गेला आणि कुणीतरी बाईंना हाक मारली. बाई गेल्या नाहीत.

मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. तिने हातरुमाल काढला, पण तो तोंडाकडे नेला नाही, घाम पुसला. मग तिने पहिल्यांदा बाईंकडे नीट पाहिलं.

"सकाळपासून काही खाल्लंस का?" ती म्हणाली.

"नाही."

"चल मग घरी. माझंही व्हायचंय."